गोल वाचवणाऱ्याला मोजणार की नाही? बेळगावच्या हॉकीप्रेमींना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या गावांतील सर्व हॉकीप्रेमी

सप्रेम नमस्कार.

२९ ऑगस्ट जवळ आला, की आपल्याकडे एक वाद रंगतो. भारतीय हॉकीत सगळ्यात मोठा खेळाडू कोण? लेले मैदानाच्या कडेला, गोवावेसच्या चहाच्या गाड्यांवर, कॅम्पात मुलांना घ्यायला थांबलेल्या पालकांत, सगळीकडे तोच विषय. कोणी वहीच्या मागच्या पानावर अकरा जणांचा संघ मांडतो, दुसरा त्यातली तीन नावं खोडतो, तिसरा म्हणतो कागदच फाडा. मला हा वाद मनापासून आवडतो. क्रिकेटनं सगळं मैदान व्यापलेलं असताना आपल्या गावात अजून माणसं हॉकीवरून तावातावानं भांडतात, ही मला मोठी गोष्ट वाटते.

पण या वादात एक जागा अशी आहे, जिथं येऊन प्रत्येक जण घाई करतो. सेंटर फॉरवर्डवर तासभर बोलणं होतं, इनसाइड लेफ्टवर आवाज चढतात, आणि गोलकीपरची पाळी आली की कोणीतरी म्हणतं, "तिथं कोण बी चालतोय वो, पुढचं सांगा!" हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

आधी ज्यांच्याबद्दल वाद नाही, त्यांच्याविषयी. ध्यानचंद यांना पहिल्या जागेवरून हलवा, असं मी म्हणणार नाही. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन सुवर्णपदकं, ॲमस्टरडॅममध्ये पाच सामन्यांत १४ गोल, बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीवर ८–१ असा विजय. आपण त्यांच्या जन्मदिवशी क्रीडा दिन साजरा करतो, ते योग्यच आहे. थोरले बलबीर सिंग यांच्याबद्दलही तेच. १९५२ साली हेलसिंकीत हॉलंडविरुद्धची फायनल आपण ६–१ अशी जिंकली, त्यातले पाच गोल एकट्या बलबीरचे. ऑलिम्पिक फायनलमध्ये इतके गोल दुसऱ्या कोणाला जमलेले नाहीत. ही दोन नावं प्रत्येक वहीत असतात आणि असायलाच हवीत.

माझं म्हणणं इतकंच आहे, की नुसते गोल मोजून संघ मांडायचा ठरवला, तर आकडे फसवतात. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हॉकीला देश किती आले होते? भारत, जपान आणि अमेरिका. तीनच. आपण जपानला ११–१ आणि अमेरिकेला २४–१ असं हरवलं. रूप सिंग यांनी अमेरिकेवर दहा गोल केले. खेळाडू थोर होते यात वाद नाही, पण समोरचा संघ नवखा असताना झालेले दहा गोल आणि बरोबरीच्या संघाविरुद्ध झालेला एक गोल हे एकाच तराजूत घालता येत नाहीत. आपल्या वादात मात्र ते रोज घातले जातात.

आता पुढची तीन ऑलिम्पिक बघा. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो. तिन्ही फायनल भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाल्या. मेलबर्नला आपण १–० जिंकलो, रोमला ०–१ हरलो, टोकियोला पुन्हा १–० जिंकलो. आठ वर्षं, तीन अंतिम सामने, दोन्ही संघांचे मिळून गोल तीन! हॉकीच्या इतिहासात दोन संघ इतके तोलामोलाचे क्वचितच झाले असतील. अशा सामन्यात पुढच्या फळीतल्या माणसाची चूक खपून जाते, पुन्हा चढाई करता येते. गोलात उभ्या असलेल्याची एक चूक म्हणजे पदकाचा रंग बदलला. त्या तिन्ही फायनलमध्ये भारताच्या गोलात एकच माणूस उभा होता, शंकर लक्ष्मण.

हे नाव आपल्यातल्या किती जणांनी आपल्या अकरांत पहिलं लिहिलंय?

१९५६ ला भारतानं अख्ख्या स्पर्धेत ३८ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. अफगाणिस्तान आणि अमेरिकेवर झालेले चौदा आणि सोळा गोल लोक अजून सांगतात. पण जर्मनीविरुद्धची सेमीफायनल आणि पाकिस्तानविरुद्धची फायनल या दोन्ही १–० होत्या. फायनलचा गोल रणधीर सिंग जेंटल यांनी केला, कर्णधार बलबीर बोट मोडलेलं असताना खेळले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्याच सामन्यात मागं कोण होतं, हे विचारलं की गप्प.

रोमला पहिल्याच हाफमध्ये नसीर अहमद यांनी गोल केला आणि १९२८ पासून चालत आलेली आपली सुवर्णपदकांची रांग तुटली. त्या पराभवाचं ओझं तेरा-चौदा जणांवर सारखं पडत नाही. गोल झाला की सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे वळतात. तोच माणूस चार वर्षांनी टोकियोत पुन्हा त्याच पाकिस्तानसमोर फायनलला उभा राहिला. २३ ऑक्टोबर १९६४. शॉर्ट कॉर्नरवर (म्हणजे आजचा पेनल्टी कॉर्नर) पृथिपाल सिंग यांचा फटका मुनीर दार यांच्या पायाला लागला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला, मोहिंदर लाल यांनी तो गोल केला. तिथून पुढं पाकिस्ताननं जे काही होतं ते सगळं पुढं लावलं आणि लक्ष्मण यांनी एकेक चेंडू परतवला. त्या दिवशी चेंडू लक्ष्मणला फुटबॉलएवढा दिसत असावा, अशा अर्थाचं एका हॉकी मासिकानं लिहिलं होतं. दोन वर्षांनी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. गोलकीपरला भारताचं कर्णधारपद मिळण्याची ती पहिली वेळ. फायनलला पुन्हा पाकिस्तान, जादा वेळेत गेलेला सामना, आणि निकाल पुन्हा १–०. हॉकीतलं ते भारताचं पहिलं आशियाई सुवर्ण.

मेलबर्न, टोकियो, बँकॉक. पाकिस्तानविरुद्ध तीन मोठ्या फायनल आपण जिंकल्या आणि त्या तिन्हीत मिळून गोल खाल्ले शून्य. एखाद्या फॉरवर्डची अशी कामगिरी असती, तर आपण त्याच्या नावानं वाद मिटवला असता.

आणि हा माणूस आपल्याला परका नाही. जन्म मध्य प्रदेशातल्या महूचा, १९४७ ला सैन्यात बँडवाला म्हणून भरती, आणि पुढं मराठा लाइट इन्फंट्री. त्या रेजिमेंटचं केंद्र आपल्या गावात १९२२ पासून आहे. आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांत एक तरी माणूस त्या केंद्रातून बाहेर पडलाय. काकांची ट्रंक, आजोबांची पेन्शन, भिंतीवरचा गणवेशातला फोटो, या सगळ्यांचं नातं त्या एका गेटशी आहे. १९६४ ला अर्जुन पुरस्कार, १९६७ ला पद्मश्री, आणि १९७९ ला कॅप्टन म्हणून निवृत्ती, सगळं त्याच पलटणीच्या नावावर. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी त्यांना घेतलं नाही आणि त्यांनी हॉकी सोडली. त्या वर्षी भारत पहिल्यांदाच ऑलिम्पिकच्या फायनलला पोचला नाही. २००६ साली महूला पायाच्या गँगरीननं ते गेले. दोन सुवर्ण आणि एक रौप्य घरात असलेल्या माणसाचे शेवटचे दिवस हलाखीचे होते, हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, आणि आजही वाटतं.

त्या काळात गोलात उभं राहणं म्हणजे काय, हे नव्या मुलांना सांगायला हवं. पायाला पॅड, हातात ग्लोव्ह्ज, बस. डोक्यावर हेल्मेट नाही, छातीला आजच्यासारखं जाड कवच नाही. मैदान गवताचं. ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम टर्फ आलं ते १९७६ ला माँट्रियलला. गवतावर चेंडू सरळ येत नाही, मध्येच एखाद्या खड्ड्याला लागून छातीपर्यंत उसळतो. लाकडी काठीनं जीव खाऊन मारलेला कडक चेंडू, आणि समोर उघड्या डोक्यानं उभा माणूस. मी स्वतः शाळेत आणि कॉलेजात गोलात उभी राहिलेली आहे. आमच्या वेळी जुने क्रिकेटचे पॅड मिळायचे, तेही मुलांचे सामने संपल्यावर. चेंडू नडगीच्या आतल्या बाजूला बसला, की रात्रभर पाय टेकवत नाही. म्हणून "तिथं कोण बी चालतोय" हे ऐकलं की मला राहवत नाही.

तुम्ही म्हणाल, आता तसं राहिलं नाही, श्रीजेशला सगळे मानतात. खरं आहे. पी. आर. श्रीजेश यांचं नाव आता तरुण मुलांच्या वहीत असतं आणि मला त्याचा आनंद आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीविरुद्धच्या ब्राँझच्या सामन्यात ५–४ असताना अगदी शेवटच्या सेकंदांत पेनल्टी कॉर्नर आला आणि त्यांनी तो अडवला. आमच्या गल्लीत त्या क्षणी जो ओरडा झाला, तो क्रिकेटच्या विश्वचषकालाच ऐकलेला. २०२४ ला पॅरिसला ब्रिटनविरुद्धच्या क्वार्टर फायनलमध्ये अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं, दहा जणांनिशी सामना १–१ वर ठेवला आणि शूटआउटला ४–२ असा काढला. पुढं स्पेनला हरवून पुन्हा ब्राँझ. हॉकी इंडियानं त्यांचा १६ नंबर निवृत्त केला. हे सगळं आपण टीव्हीवर पाहिलं, चार कोनांतून, हळू करून. लक्ष्मण यांना तसं कोणी पाहिलं नाही. पाहिलेलं मोठं आणि न पाहिलेलं लहान, असा हिशेब आपण करत असू, तर ध्यानचंदही आपण पाहिलेले नाहीत. त्यांच्यासाठी आपण पुस्तकं वाचतो, आजोबांना विचारतो, जुने फोटो शोधतो. तेवढेच कष्ट एका गोलकीपरसाठी घ्या, एवढंच माझं मागणं.

मुलींचं नाव तर या वादात येतच नाही. २०२१ च्या त्याच टोकियो ऑलिम्पिकमध्ये २ ऑगस्टला आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला क्वार्टर फायनलला हरवलं. निकाल काय? १–०. गोल गुरजीत कौरचा, आणि एकामागून एक आलेले पेनल्टी कॉर्नर परतवणारी सविता पुनिया. भारतीय मुली पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या सेमीफायनलला पोचल्या त्या तशा. सगळ्यात मोठा खेळाडू म्हणताना त्या संघाची कर्णधार राणी रामपाल आणि सविता यांची नावं निदान चर्चेला घ्यावीत, असं आपल्यातल्या एकाही जाणत्या माणसाला का वाटू नये?

आता जरा अवघड विषयाकडे येते.

आपल्या गावात हा वाद नुसता हॉकीचा राहत नाही. मराठी पोरं धनराज पिल्ले यांचं नाव पुढं करतात. खडकीचा माणूस, मराठीत बोलणारा, चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळलेला, १९९८ ला बँकॉकमध्ये बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण आणणारा कर्णधार. नाव पुढं करण्यासारखंच आहे. कन्नड मित्र मग कोडगूची (कुर्गची) यादी काढतात. १९७३ च्या विश्वचषकातले कर्णधार एम. पी. गणेश, १९७५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातले बी. पी. गोविंद, मॉस्कोचं सुवर्ण जिंकलेले एम. एम. सोमय्या, अलीकडचे रघुनाथ आणि सुनील. तीही यादी भारी आहे. पण मग कोणीतरी "आमचा" आणि "तुमचा" म्हणतं, आवाजात दुसराच सूर येतो, आणि हॉकी बाजूला राहून आपण पुन्हा त्या जुन्याच सीमेच्या प्रश्नावर येतो, जो आपल्या जन्माआधीपासून इथं आहे. त्या प्रश्नाचं मोल मला ठाऊक आहे. मी मराठी शाळेत शिकले, माझ्या घरानं त्यासाठी सोसलंय. तरी मी हात जोडून सांगते, तो प्रश्न या वहीत आणू नका. मैदानावर आमच्या संघात मराठी होत्या, कन्नड होत्या, कॅम्पातल्या ख्रिश्चन आणि मुसलमान मुली होत्या, आणि पास मागताना कोणती हाक कोणत्या भाषेतली, हे कधी कोणी पाहिलं नाही. लक्ष्मण यांचंच बघा. जन्म महूचा, पलटण मराठा, संघ भारताचा. त्यांना कोणत्या राज्याच्या खात्यात टाकणार?

उलट कोडगूकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथं १९९७ पासून घराण्याघराण्यांची हॉकी स्पर्धा भरते. एकेका घराण्याचा एकेक संघ, त्यात आजोबाही आणि नातही. त्यामुळं तिथल्या पोराला आपल्या कोणत्या चुलत्यानं कुठं काय केलं, हे तोंडपाठ असतं. वाद घालायला त्यांच्याकडे माहिती असते. आपल्याकडे नुसता उत्साह आहे.

त्याचा दाखला म्हणजे बंडू पाटील. टोकियोत १९६४ चं सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात हे नाव आहे. बेळगाव ज्यांना आपलं मानतं, ते हेच बंडू पाटील. म्हणजे त्या एका संघात आपल्या गावाशी नातं असलेली दोन माणसं होती, एक पलटणीच्या नात्यानं आणि एक मातीच्या. मी गेल्या वर्षी कॉलेजच्या मुलांच्या एका घोळक्यात विचारलं, बंडू पाटील कोण? दोघांनी सांगितलं. बाकीच्यांना नाव ऐकल्यासारखं वाटत होतं. ही मुलं हॉकी खेळणारी होती, रोज संध्याकाळी काठी घेऊन मैदानावर येणारी. त्यांना दोष मी देत नाही. त्यांना सांगणारे आपण, आणि आपण ध्यानचंद की बलबीर यातच अडकून बसलो.

ज्यांनी बंडू पाटलांना खेळताना पाहिलं, त्यांच्यातले कितीतरी गेले. जे आहेत ते ऐंशीच्या घरात. काही शहापुरात असतील, काही वडगावात, काही खानापूरकडे. त्यांच्याजवळ बसून, फोनवर आवाज नोंदवून घेणं, त्यांच्या कपाटातले संघांचे फोटो काढून मागं नावं लिहून ठेवणं, हे काम कोणत्याही सरकारी मंजुरीशिवाय होण्यासारखं आहे. त्या फोटोंत गोलकीपर बहुतेक वेळा एका टोकाला उभा किंवा खाली बसलेला सापडेल, पॅड पायाला तसेच. त्याचंही नाव विचारा.

हे मी इतकं तळमळीनं का लिहिते, त्याला आजचं कारण आहे. शाळांच्या सामन्यांना मी अजून जाते. गोलात कोण उभं राहतं? जिला पळायला येत नाही ती, जो जाडा आहे तो, जो उशिरा आला तो. सर म्हणतात, "तू जा गोलात." ती मुलगी मान खाली घालून जाते. तिला ते बक्षीस वाटत नाही, शिक्षा वाटते. आणि किट तर बहुतेक शाळांकडे नसतंच. हेल्मेट, छातीचं कवच, पॅड, किकर (बुटांवरचं कवच), ग्लोव्ह्ज असा सगळा संच घ्यायचा, तर साध्या घरातल्या मुलाला परवडत नाही. काठी कोणीही कशीबशी घेतो, गोलकीपरचं किट मात्र शाळेनं किंवा मंडळानंच घ्यावं लागतं. ते नसलं की शहाणी आई मुलाला गोलात उभं राहू देत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. मग पुढचा लक्ष्मण, पुढची सविता आपल्या भागातून कुठून यायची?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या तुमच्याकडेच आहेत, कोणा साहेबाकडे नाहीत.

यंदाच्या क्रीडा दिनाला अकरा जणांचा संघ मांडताना वरून खाली न येता खालून वर जा. पहिलं नाव गोलकीपरचं लिहा. लक्ष्मण, श्रीजेश, किंवा १९२८ ला एकही गोल न खाल्लेले रिचर्ड ॲलन, तुम्हाला ज्याचं पटेल त्याचं. मग बॅक, मग हाफ. क्लॉडियस आणि अजितपाल या हाफच्या खेळाडूंवर कधी नीट भांडण झालेलं मी ऐकलेलं नाही, तेही होऊ द्या. फॉरवर्डवर भांडायला रात्र पुरेशी असते.

दुसरी मागणी ज्येष्ठ खेळाडूंना. काका, मामा, तुमच्यापैकी ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात इथल्या मैदानांवर हॉकी पाहिली किंवा खेळली, त्यांनी त्या दिवशी यावं आणि बोलावं. आम्ही लिहून घेऊ. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, हिंदीत बोला.

आणि तिसरी मंडळांना. दरवर्षी स्पर्धेला मोठमोठे चषक येतात, पुढच्या वर्षी ते कपाटावर धूळ खात असतात. यंदा एक चषक कमी करा आणि त्या पैशात गोलकीपरचं एक पूर्ण किट घ्या. ते कोणा एका संघाला देऊ नका. स्पर्धेतल्या ज्या शाळेकडे नसेल, त्या शाळेच्या गोलकीपरला सामन्यापुरतं द्या, पुढच्या सामन्याला पुढच्या शाळेला. स्पर्धा संपल्यावर किट कोणाकडे राहील, कोण धुवून वाळवून ठेवेल, ही जबाबदारी मी घ्यायला तयार आहे. सकाळी सहाला मैदानावर आणून देणंही माझ्याकडे लागलं. पैसे गोळा करताना पहिली पावती माझ्या नावानं फाडा.

ध्यानचंद की बलबीर, हे त्या दिवशी संध्याकाळी ठरवू. मी येतेच आहे, आणि माझ्या वहीत पहिलं नाव शंकर लक्ष्मण यांचंच असेल. खोडायचं असेल, तर तीन फायनलचा हिशेब घेऊन या.

आपली,
टिळकवाडीची एक जुनी गोलकीपर